उजव्या बाजूचा पाइप

१

काष्टीला मंगल कार्यालयाच्या दारात, चारशे माणसांदेखत, मी बिभीषणभाऊंना चोर म्हणालो नाही, एवढंच. बाकी सगळं म्हणालो.

गाडी काष्टीच्या आबासाहेबांची होती. त्यांच्या थोरल्या भावाने पन्नासेक वर्षांपूर्वी मुंबईहून आणलेली, लाल, दोनच माणसांची अमेरिकन स्पोर्ट्स कार. स्टिअरिंग डावीकडे. इतर गाड्यांचे सायलेन्सर पोटाखालून मागे जातात. हिचे दोन पाइप दोन्ही दारांखालून, अगदी बाहेरून जातात. दिसायला रुबाबदार, पण इंजिन सुरू झालं की दहा मिनिटांत हात लावायची सोय नाही. नगरच्या एमआयडीसीतल्या माझ्या शॉपमध्ये ती सात महिने दुरुस्तीला होती. गंजून चाळण झालेल्या पाइपांना रामहरी मेकॅनिकने वेल्डिंग केलं आणि माझे रंगारी बिभीषणभाऊंनी काळा रंग दिला.

हा रंग मारला, वाळला, झालं, असा नसतो. इंजिन दहा मिनिटं चालवायचं, पाइप गार होऊ द्यायचा. मग वीस मिनिटं, पुन्हा गार. मग अर्धा तास. पहिल्यांदा तापताना रंग धूर सोडतो, मऊ पडतो, आणि त्यानंतरच दगडासारखा पक्का होतो. बिभीषणभाऊ याला ‘भाजणं’ म्हणायचे. बुधवारी त्यांनी दोन्ही पाइप माझ्यासमोर तीनदा भाजले. मी स्वतः नख ओढून पाहिलं. ओरखडा उठला नाही.

शुक्रवारी आबासाहेबांच्या मुलीचं, सुकन्याचं लग्न. घरापासून कार्यालयापर्यंत, दीड किलोमीटर, बँडच्या मागून ती याच गाडीतून निघाली. चुलतभाऊ चालवत होता, ती उजव्या बाजूला. अर्ध्या वाटेत उजवा पाइप धुमसायला लागला. लोक नाकाला रुमाल लावून बाजूला झाले. कार्यालयापाशी ती घाईने उतरली, शालूचा काठ पाइपाला टेकला आणि सुटेना. ओढून काढला तेव्हा वीतभर काळाठिक्कर झाला होता आणि जरीला भोक पडलं होतं. पाय वाचला. गर्दीत कुणीतरी हसलं. आबासाहेब हसले नाहीत. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले.

ती नजर मला सोसवेना. मी वळलो आणि मागे उभ्या असलेल्या बिभीषणभाऊंवर तुटून पडलो. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना अरे-तुरे केलं. “ऊसतोड्याला रंगाची गन हातात दिली, हीच चूक झाली,” असंही म्हणालो. “उद्यापासून तोंड दाखवू नकोस!”

त्यांनी धूर येणाऱ्या पाइपाकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं. “बरं,” म्हणाले, आणि एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागले.

सोमवारी मी नीलांबरीताई भणग्यांना बोलावलं. मला त्यांच्याकडून एक कागद हवा होता. दोष कामगाराचा आहे, असं लिहिलेला.

२

नीलांबरीताई वाहन विमा सर्वेक्षक होत्या. तीस वर्षं जिल्ह्यातल्या अपघाती गाड्या तपासून निवृत्त झालेल्या, आमच्या आईच्या मैत्रीण. खोटं बोलणाऱ्या माणसांपेक्षा खोटं न बोलणारा पत्रा बरा, असं त्या म्हणत.

परत आलेल्या गाडीभोवती त्यांनी दोन फेऱ्या मारल्या. मग साडीचा पदर खोचून फरशीवर बसल्या आणि डाव्या पाइपावरून नख ओढलं. काही नाही. उजव्यावरून ओढलं. काळा लपका नखात आला.

“डावा कुणी रंगवला?”

“बिभीषणभाऊंनीच.”

“आणि उजवा?”

“तोही त्यांनीच. एकाच दिवशी.”

“मग डावा का नाही धुमसला?”

मी म्हटलं, एका बाजूला हात चुकला असेल.  पिशवीतून भिंग काढून त्या पाइपाच्या खालच्या अंगाला वाकून बघू लागल्या, जिथे एरवी कुणाची नजर जात नाही.

“तुमचे बिभीषणभाऊ गनने मारतात ना? डाव्याला बघ, कुठे एक ओघळ नाही. इथे खाली मात्र तीन ओघळ आहेत. हा डब्यातला स्प्रे आहे, मोटरसायकलच्या सायलेन्सरला मारतात तो.” त्यांनी थिनरच्या फडक्याने रुपयाएवढी जागा पुसली. वरचा रंग सहज निघाला. खाली दुसरा काळा थर होता, डाव्यासारखाच टणक, पण पॉलिश पेपरने घासलेला.

“सुहास, तुझ्या माणसाचं काम खाली शाबूत आहे,” ताई म्हणाल्या. “बुधवारनंतर कुणीतरी त्याच्यावर पुन्हा रंग मारलाय. नुसता मारायचा म्हणून नाही. त्याला काहीतरी झाकायचं होतं.”

 चारशे माणसांसमोर काय बोललो ते शब्दन् शब्द आठवलं. तरी मनाने लगेच पळवाट काढली: मग दुसरा कुणीतरी दोषी आहे, मी नाही.

३

झाकलेली गोष्ट वेल्डिंगच्या खाचेत सापडली. मुगाच्या दाण्याएवढा हिरवा थेंब, काचेसारखा कडक.

ताईंनी तो चिमट्याने काढला आणि काड्यापेटीची काडी त्याच्याखाली धरली. थेंब वितळून लोंबला. मग आबासाहेबांकडून आलेल्या शालूचा एक धागा काडीवर धरला. तो केस जळल्यासारखा वास सोडत राख झाला.

“शालू रेशमाचा आणि लाल. रेशीम वितळत नाही. हे नायलॉन आहे किंवा तसलंच काहीतरी, आणि हिरवं. म्हणजे सुकन्याच्या आधी दुसऱ्या बाईची साडी या पाइपाला चिकटली. पाइप तापलेला असताना.”

“पण गाडी तर इथेच होती.”

“बुधवारचं रीडिंग किती?”

रामहरीने जॉब कार्डावर लिहून ठेवलं होतं: ४१,३०६. ताईंनी डॅशबोर्डात वाकून पाहिलं. ४१,३५३.

“काष्टीला मालवाहू ट्रकवर चढवून नेली होती,” मी म्हणालो. “तिथे जेमतेम दीड किलोमीटर चालली.”

“आणि हे आकडे मैलांचे आहेत. अमेरिकन गाडी. तो एक मैल सोडून दे. उरले शेहेचाळीस. साधारण चौऱ्याहत्तर किलोमीटर. इथून तेवढ्यात जाऊन-येऊन काय होतं?”

मला आधी सुचलं ते शनिशिंगणापूर. आणि शिंगणापूर म्हणताच रामहरी सुचला. त्याचं घोडेगाव त्याच रस्त्यावर. गुरुवारी आमची सुट्टी. शॉपच्या किल्ल्या तीन. एक माझ्याकडे, एक रामहरीकडे, तिसरी घरी खुंटीला.

ताई थांब म्हणाल्या, तोवर मी पुढच्या शेडमध्ये पोहोचलोही होतो.

“बायकोला मिरवायला दुसऱ्याची गाडी लागते का रे?”

रामहरी जॅकवर चढवलेल्या गाडीखालून बाहेर आला. हात पुसले, मोबाईल काढला आणि माझ्यापुढे धरला. गुरुवारी राहुरीला मेहुण्याचा साखरपुडा. सकाळपासून संध्याकाळपर्यंतचे फोटो, प्रत्येकात हा. त्याची बायको जांभळ्या साडीत.

“झालं बघून?” त्याने मोबाईल खिशात टाकला. “आता मलाबी हाकलून द्या, म्हंजी झालं.”

“रामहरी, अरे माझं…”

“तुमी त्या बाईंना सगळं सांगितलं का, सायेब? शुक्रवारी सकाळी बिभीषणभाऊ तुमाला काय म्हनले हुते, ते सांगितलं का?”

मागे नीलांबरीताई उभ्या होत्या.

४

ते मी सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नाही.

शुक्रवारी सकाळी साडेसातला बिभीषणभाऊ माझ्याकडे आले. “सायेब, उजव्या पायपाची झाक येगळी दिसती. कुनीतरी हात लावलाय. मला दीड-दोन तास द्या, परत भाजून घेतो.” मी फोनवर होतो. आदल्या संध्याकाळपर्यंत गाडी रस्त्याने चालवत न्यायचं ठरलं होतं. पण धूळ बसेल, दगड लागेल, या भीतीने मी ऐनवेळी ट्रक मागवला होता आणि ट्रकवाला दारात हॉर्न वाजवत होता. मी फोनवर हात ठेवून म्हणालो, “नसती खुसपटं काढू नका. चढवा गाडी.”

त्यांनी चढवली.

हे सांगताना मी ताईंकडे बघू शकलो नाही.  बाहेरून कुठल्याशा प्रेसचे ठोके ऐकू येत होते.

“म्हणजे त्याने तुला सावध केलं होतं,” त्या शेवटी म्हणाल्या. “आणि तूच त्याला शिव्या घातल्यास.”

“हो.”

“बरं. आता ऐक. ज्याने हा रंग मारला तो अडाणी नाही. वितळलेली साडी नीट घासून काढली, नेमका उष्णता सोसणारा रंग आणला, पातळ थर दिले. म्हणजे भाजावं लागतं, हेही त्याला ठाऊक असणार. मग का भाजलं नाही?”

“या इंजिनाचा आवाज अख्ख्या एमआयडीसीत जातो. कुणीतरी विचारलं असतं.”

“आणि तशी गरजही वाटली नसेल. दुसऱ्या दिवशी गाडी काष्टीपर्यंत साठ-पासष्ट किलोमीटर चालत जाणार होती. वाटेतच पाइप भाजून निघाला असता, कुणाला कळलंही नसतं. तू ट्रक मागवलास आणि त्याचा हिशेब कोलमडला. म्हणजे हा माणूस असा, ज्याला गुरुवारपर्यंतचा बेत माहीत होता, शुक्रवारी सकाळी मात्र तो इथे नव्हता. ज्याला रंगाची जाण आहे. ज्याला डावीकडच्या स्टिअरिंगची गाडी चालवता येते. ज्याच्या शेजारी साडी नेसणारी बाई बसली. आणि किल्ली तर तिघांकडेच.”

मी म्हणालो, “तिसरी घरी असते.”

“तेच म्हणतेय मी.” त्यांनी भिंग पिशवीत ठेवलं. “सुहास, तुझी आई कशी आहे?”

“ठीक आहे की.”

“शेवटचं तिला चालताना कधी पाहिलंस?”

५

सावेडीतल्या आमच्या घरी माझ्या बायकोने, अपूर्वाने चहा केला. एरवी नीलांबरीताई आल्या की आई स्वतः उठते. त्या दिवशी ती पलंगावर बसून होती, पायांवर चादर. बाबा, शामकांत निसळ, आयटीआयमध्ये तीस वर्षं मोटार मेकॅनिकचे निदेशक, खिडकीशी पेपर वाचत होते. पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

“वहिनी,” ताई म्हणाल्या, “पाय दाखवता?”

आईने बाबांकडे पाहिलं आणि चादर सरकवली. उजव्या पोटरीवर घोट्यापासून वर पांढरी पट्टी होती.

“हे कधी झालं?” मी विचारलं.

अपूर्वा कप ठेवता ठेवता थांबली. “गुरुवारी. आईंच्या पायावर गरम पाणी सांडलं, डॉक्टरकडे नेऊन आणलं, हे मी तुला त्याच संध्याकाळी सांगितलं. तू फोनवर होतास. ‘हं’ म्हणालास.”

पाच दिवस. एका घरात. पाच दिवस माझी आई भिंत धरून चालत होती आणि मला माहीत नव्हतं.

“पाणी नव्हतं,” बाबा म्हणाले. त्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. “मी नेलं होतं तिला. मे महिन्यात ती शॉपवर आली होती, तेव्हा गाडीवरून हात फिरवून म्हणाली होती, यात बसल्यावर कसं वाटत असेल हो? पन्नास वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. गुरुवारी पन्नास पूर्ण झाली. गाडी दुसऱ्या दिवशी जाणार होती. किल्ली घेतली, शिंगणापूरला दर्शन करून आलो. तिथे उतरताना तिचा पाय टेकला, साडी चिकटली; आल्यावर पाइप घासून मीच रंग मारला. तीस वर्षं पोरांना ओरडून सांगितलं, तापल्या सायलेन्सरपासून लांब राहा. तिला सांगायचं राहिलं.”

लग्नाचा पन्नासावा वाढदिवस मला माहीतही नव्हता, हे मी कुणाला म्हणू?

“आणि बिभीषणभाऊ?”

बाबांची मान खाली गेली. “तू शुक्रवारी येऊन सांगितलंस, त्याला काढलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. जीभ उचलली नाही. वाटलं, सकाळी सांगू. सकाळी वाटलं, तुझा राग निवल्यावर सांगू. दर दिवशी ते जास्त जड होत गेलं. गन कशी धरायची ते मीच शिकवलं होतं त्याला, मागच्या अंगणात.”

आईने चादर पुन्हा पायांवर ओढली. “पाणी सांडलं म्हणा, असं मीच यांना म्हटलं होतं,” ती म्हणाली. मग तिने बाबांकडे बघून विचारलं, “पण बिभीषणला काढलं? तुम्ही मला म्हणालात तो गावी गेलाय.”

बाबा पेपरची घडी चाचपत राहिले. आईने तोंड भिंतीकडे वळवलं. पंचाहत्तरीला आलेल्या माझ्या वडिलांना मी त्या क्षणी पहिल्यांदा लहान झालेलं पाहिलं. पण त्यांच्यावर रागवायचा हक्क मला नव्हता. ते गप्प बसले होते. बोललो मी होतो.

नीलांबरीताई उठल्या. “कागद हवा होता ना तुला? लिहून देते. पण कुणाला दाखवायचा ते तू ठरव.”

६

बिभीषणभाऊ पाथर्डीच्या त्यांच्या गावी नव्हते. शेजाऱ्याने सांगितलं, भावाच्या टोळीबरोबर ऊस तोडायला गेलेत, श्रीगोंद्याकडे. काष्टीपासून सहा किलोमीटरवर, उसाच्या फडाशेजारी त्यांची पाचटाची खोप सापडली. बाबा माझ्याबरोबर होते.

त्यांची बायको, रंगुबाई, उसाच्या शेंड्यांचे वाढे बांधत होती. तिने आम्हाला बसा म्हटलं नाही. बिभीषणभाऊ फडातून आले. हातात कोयता, दोन्ही तळव्यांना चिंध्या. रंगाच्या थराची जाडी बोटाने ओळखणारे ते हात. बाबांना पाहून त्यांनी कोयता खाली ठेवला आणि वाकायला लागले. बाबांनी त्यांचे खांदे धरले.

“नको. आधी ऐक,” बाबा म्हणाले, आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही सावरलं नाही.

“सर,” बिभीषणभाऊ हळूच म्हणाले. “तुमी व्हय?”

“मी.”

मी म्हणालो, “तुम्ही तिथे बोलला का नाहीत? सकाळी सांगितलं होतं, असं चारचौघांत म्हणायचं होतं.”

“एकदा सांगितलं हुतं की. ऐकायचं असतं तर तवाच ऐकलं असतं.”

रंगुबाईने हातातली पेंढी टाकली. “त्ये न्हाई बोलायचे, मी बोलते. लगनातल्या कुनीतरी यांचा व्हिडिओ काढला. आमच्या आरतीच्या सासरी पोचला त्यो. सासरा तिला म्हनतो, तुझ्या बापानं नवरीचा शालू जाळला. आठ दिस झाले, पोर फोनवर नुसती रडती. तुमची माफी आमी कुटं ठिवायची?”

 बिभीषणभाऊंनी चिंध्या सोडल्या.

“काष्टीला चला,” ते म्हणाले. “जितं बोललात तितंच बोला.”

त्या दिवशी काष्टीचा बाजार होता. आबासाहेबांच्या अंगणात बाजाराला आलेली पंचवीस-तीस माणसं होती. सुकन्याही माहेरी आलेली. मी उभा राहिलो.  म्हणालो, “त्या दिवशी मी बिभीषण ढाकण्यांना जे बोललो ते खोटं होतं. त्यांनी मला सकाळी सावध केलं होतं. मी ऐकलं नाही. शालू माझ्यामुळे खराब झाला.” माझ्या मागून बाबा पुढे आले आणि त्यांनी स्वतःचं नाव घेऊन उरलेलं सांगितलं. ताईंचा कागद मी आबासाहेबांच्या हातात दिला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं. आबासाहेबांनी कागद वाचला, घडी केली. मला काहीच म्हणाले नाहीत. बिभीषणभाऊंना म्हणाले, “खुर्ची घ्या.” सुकन्या आत गेली आणि त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली.

“गाडीचा पायप मी करून दीन,” बिभीषणभाऊ आबासाहेबांना म्हणाले. “पन हितं, तुमच्या दारात.” मग माझ्याकडे वळले. “तुमच्या शॉपवर न्हाई येनार, सायेब. राग न्हाई. पन आता तुमी आवाज चढवला, का हात थरथरंल. थरथरत्या हातानं रंग बसत न्हाई.”

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

“अजून एक हाय.” त्यांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन माझ्याकडे नाही, बाबांकडे धरला. “पोरीचा सासरा हाय. सांगा.”

आयुष्यभर वर्गात खणखणीत बोललेल्या माझ्या वडिलांनी तो फोन दोन्ही हातांनी धरला. “नमस्कार. मी शामकांत निसळ, नगरहून बोलतोय. तुमचे व्याही बिभीषण यांच्या हातून काही बिघडलं नव्हतं. तो पाइप मी खराब केला. मी गप्प बसलो म्हणून त्यांची बदनामी झाली. तुमच्या सुनेलाही हे माझ्या तोंडून सांगायचंय.”

  पलीकडून एक घोगरा आवाज म्हणाला, “आसं व्हय… थांबा.” पावलं वाजली. कुणीतरी कुणाला तरी हाक मारली. फोनवर बारीक श्वास ऐकू आला.

बाबांना बोलवेना. बिभीषणभाऊंनी फोन त्यांच्या हातातून घेतला, स्पीकर बंद केला आणि आमच्याकडे पाठ करून भिंतीशी गेले.

“आरती,” ते म्हणाले, “जेवलीस का, बाय?”